आरबीसी मेम्ब्रेनच्या आवरणातलं झिफ-८: निम्म्याहून जास्त झिंक वाटेतच का जातं?

जस्तकण

मिथेनॉलमध्ये झिंक नायट्रेट आणि २-मिथाइलइमिडाझोल वापरून केलेले झिफ-८ चे (झिंक आणि इमिडाझोलेटच्या जाळीदार सांगाड्याचे) कण, आणि त्यांच्यावर उंदराच्या तांबड्या रक्तपेशींचं (आरबीसी) मेम्ब्रेन, म्हणजे पेशीचं बाहेरचं आवरण. रक्तात कण शाबूत राहावेत आणि ट्यूमरच्या पेशीत शिरल्यावर लायसोसोमच्या आम्लात झिंक आयन सुटावेत, अशी योजना आहे. कागदावर सगळं बसतं, पण आकडे बसत नाहीत.

नुसते कण: डीएलएसवर (प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजणं) ९० नॅनोमीटर, पीडीआय (आकारातली विषमता) ०.१२, झीटा (पृष्ठभागाच्या विद्युतभाराचं माप) अधिक २३ मिलिव्होल्ट. कोटिंगनंतर: २६० नॅनोमीटर, पीडीआय ०.४, झीटा उणे १४. म्हणजे मेम्ब्रेन बसलंय असं झीटा म्हणतो, आणि गुठळ्या झाल्यात असं आकार सांगतो. आयसीपीवर (धातू मोजणारं यंत्र) धुतलेल्या कणांतलं झिंक सुरुवातीच्या ४० टक्क्यांवर आलेलं. पीएच ७.४ च्या पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं बफर) रिलीज (झिंक किती सुटतं याची चाचणी) लावला की नळी दुधाळ होते. आणि ४टी१ पेशींवर (उंदराच्या स्तनाच्या कर्कपेशी) कोटिंग केलेले आणि न केलेले कण यांच्यात काहीच फरक दिसत नाही.

कृती नेहमीचीच: रक्त ८०० जी ला फिरवून प्लाझ्मा काढणं, पीबीएसने धुणं, ०.२५ पट पीबीएसमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन धरून ठेवणारं रसायन) घालून बर्फावर पेशी फोडणं, मेम्ब्रेन पीबीएसमध्ये घेणं, सॉनिकेशन (ध्वनिलहरींनी फोडणं), ४०० आणि २०० नॅनोमीटरच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरमधून दाबून काढणं (एक्स्ट्रूजन), मग कणांबरोबर एकास एक मिसळून पुन्हा एक्स्ट्रूजन. प्रमाण बदलून पाहावं, मेम्ब्रेन बदलावं, की झिफ-८ च सोडून द्यावं?

बफरबाबा

झिफ-८ सोडू नका, पीबीएस सोडा.

ही कृती मुळात पॉलिमरच्या कणांसाठी लिहिलेली आहे. २०११ मध्ये सॅन डिएगोतल्या लिआंगफांग झांग यांच्या गटाने पीएलजीए या पॉलिमरवर तांबड्या पेशींचं मेम्ब्रेन चढवलं, तिथून ती सगळीकडे गेली. पीएलजीएला फॉस्फेटशी काही देणंघेणं नाही. तुमच्या कणाचा सांगाडाच झिंकचा आहे, आणि या कृतीतलं जवळपास प्रत्येक द्रावण झिंक ओढून घेणारं आहे.

हिशोब करून बघा. झिफ-८ मध्ये वजनाने सुमारे २८.७ टक्के झिंक असतं. १ मिलिग्रॅम कणांत २८७ मायक्रोग्रॅम, म्हणजे ४.४ मायक्रोमोल. १ मिली पीबीएसमध्ये फॉस्फेट १० मायक्रोमोल. झिंक फॉस्फेट व्हायला तीन झिंकमागे दोन फॉस्फेट लागतात, म्हणजे तुमचं सगळं झिंक खायला २.९ मायक्रोमोल पुरेत. एका मिलीत त्याच्या तिप्पट आहे. फॉस्फेट इमिडाझोलेटला बाजूला सारून झिंकला धरतं, सांगाडा कोसळतो, आणि अविद्राव्य झिंक फॉस्फेट तयार होतं. नळीतला दुधाळपणा तो हाच. आम्लाची वाट न बघता कण ७.४ लाच मोडत आहेत.

दुसरा भागीदार ईडीटीए. तो झिंकला एकास एक धरतो. १ मिलिमोलरचं द्रावण १ मिली जरी मागे राहिलं तरी १ मायक्रोमोल झिंक, म्हणजे जवळपास पाव हिस्सा विरघळून सुपरनेटंटमध्ये (फिरवल्यावर वर राहणाऱ्या द्रावणात) जातो. आयसीपीवरची तूट या दोघांत वाटली जाते. ईडीटीएने नेलेलं झिंक धुण्यात जातं, फॉस्फेटने धरलेलं काही पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या गाळात) राहतं आणि काही नळीच्या भिंतीला चिकटतं. म्हणून फक्त पेलेट मोजू नका. सुपरनेटंट, धुण्याची पाणी आणि रिकामी नळी (२ टक्के नायट्रिकने विसळून) असे चारही हिस्से मोजा आणि बेरीज १०० च्या आसपास येते का ते बघा.

ईडीटीए पूर्ण टाळायची गरज नाही. पेशी फोडताना कॅल्शियम आणि धातूवर चालणारे प्रोटिएज आवरायला तो उपयोगी आहे. फक्त नंतर घालवायचा. अर्धा मिली पेलेट आणि १० मिली द्रावण म्हणजे प्रत्येक धुण्यात वीसपट घट. तीन धुण्यांत आठ हजारपट, १ मिलिमोलरचा ०.१२५ मायक्रोमोलर. तेवढा चालतो. प्रोटिएज इन्हिबिटरचं मिश्रण मात्र ईडीटीएविरहित घ्या, नाहीतर शेवटच्या पायरीत तो मागच्या दाराने परत येतो.

बदललेली कृती अशी. पेशी धुईपर्यंत पीबीएस चालेल, तिथे झिंक नाही. फोडणंही ०.२५ पट पीबीएसमध्येच, बर्फावर २० मिनिटं. त्यानंतरची धुणी ५ मिलिमोलर हेपेसमध्ये (फॉस्फेट नसलेलं बफर), पीएच ७.४, १५ ते २० हजार जी, ४ अंश सेल्सियस, पेलेट लालसरपणा सोडून फिकट गुलाबी होईपर्यंत. शेवटची तीन धुणी ईडीटीए नसलेल्या द्रावणात. कोटिंग आणि साठवण १० मिलिमोलर हेपेस अधिक ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. सलाईनऐवजी डेक्स्ट्रोज अशासाठी की मिठाने विद्युतभार झाकला जातो आणि गुठळ्या लवकर होतात, शिवाय इंजेक्शनच्या दृष्टीने ५ टक्के डेक्स्ट्रोज समपरासरी आहे. ट्रिस बफर टाळा, ते झिंक आणि तांबं दोन्हींना थोडंफार धरतं. सायट्रेट तर नकोच.

आणि नुसत्या पाण्यातही झिफ-८ अमर नाही. द्रावण जितकं विरळ तितका तो लवकर विरघळतो. कोटिंगच्या वेळी कण १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या खाली आणू नका, आणि विरळ करायचंच असेल तर वापराच्या आधी लगेच करा.

थरावरथर

बफरबाबांशी सहमत, पण २६० नॅनोमीटरचं सगळं खापर फॉस्फेटवर फोडू नका. धन कण आणि ऋण मेम्ब्रेन हळूहळू मिसळले की एकच व्हेसिकल (मेम्ब्रेनची बारीक पिशवी) दोन-तीन कणांना चिकटतं आणि साखळी होते. तुमचा क्रम काय आहे ते लिहिलं नाहीये. कणांच्या नळीत मेम्ब्रेन थेंबथेंब टाकत असाल तर सुरुवातीला कण जास्त आणि मेम्ब्रेन कमी अशी अवस्था येते, गुठळ्या होण्यासाठी सर्वांत वाईट. उलट करा. मेम्ब्रेनचं जास्त असलेलं द्रावण ढवळत ठेवा आणि त्यात कण एकदम ओता.

एकास एक हे प्रमाण बहुतेक पेपरांत आहे, पण ते कुठून आलं हे कमीच लोक विचारतात. क्षेत्रफळाने काढू. ९० नॅनोमीटरच्या गोळ्याचं पृष्ठफळ ०.०२५ चौरस मायक्रोमीटर. झिफ-८ ची घनता ०.९३ च्या आसपास धरली तर १ मिलिग्रॅममध्ये सुमारे २.८ लाख कोटी कण, एकूण पृष्ठफळ ७ हजार कोटी चौरस मायक्रोमीटर. माणसाच्या एका तांबड्या पेशीचं मेम्ब्रेन साधारण १३५ चौरस मायक्रोमीटर, म्हणजे एक पेशी ५३०० कणांना पुरते आणि १ मिलिग्रॅमला ५३ कोटी पेशी लागतात. मिलीत ५०० कोटी पेशी धरल्या तर रक्त फक्त ०.१ मिली. उंदराची पेशी लहान पण संख्येने जवळपास दुप्पट, हिशोब तिथेच येतो. एका घोस्टमध्ये (हिमोग्लोबिन काढलेल्या रिकाम्या पेशीत) प्रथिन ५.७ गुणिले दहाचा उणे दहावा घात मिलिग्रॅम, म्हणून १ मिलिग्रॅम कणांना लागणारं मेम्ब्रेन प्रथिनाच्या मापाने ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे एकास एक हे तिप्पट झालं. फिल्टर आणि धुण्यात निम्मं जातं हे धरूनही पुरतं. कमी पडतंय म्हणून प्रमाण वाढवायची गरज नाही. वाढवलंत तर रिकामी व्हेसिकलं वाढतील आणि डीएलएस अजून फसवेल.

एकास एक 'वजनाला वजन' असेल तर ते कशाचं वजन, हेही नक्की करा. मेम्ब्रेनचं प्रथिन बीसीएने (प्रथिनाची रंगचाचणी) मोजलेलं, की सुकवलेल्या पावडरीचं? दोन्हींत मोठा फरक पडतो.

एक्स्ट्रूजन: आधी फक्त मेम्ब्रेन, ४०० मधून ११ वेळा, मग २०० मधून ११ वेळा. विषम संख्या अशासाठी की शेवटी द्रावण दुसऱ्या सिरिंजमध्ये येतं आणि न गाळलेला गाळ पहिल्यात राहतो. मग कण मिसळून बर्फाच्या पाण्यात बाथ सॉनिकेटरमध्ये २ मिनिटं, आणि २०० मधून पुन्हा ११ वेळा. १०० नॅनोमीटरचा फिल्टर तुमच्या कणांना नको, दाब वाढला की आवरण खरवडून निघतं. प्रोब सॉनिकेटर अजिबात नको. टोकाचं टायटॅनियम झिजून नमुन्यात येतं आणि प्रथिनं तापतात.

नीट झालं तर आकार १०५ ते ११० नॅनोमीटर यायला हवा, कारण मेम्ब्रेनची जाडी ७ ते ८ नॅनोमीटर आणि ती दोन्ही बाजूंना मोजली जाते. त्यानंतर १० हजार जी ला १० मिनिटं. रिकामी व्हेसिकलं बरीचशी वर राहतात.

झीटा उणे झाला म्हणजे कोटिंग पूर्ण, असं समजू नका. २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये सिलिकाच्या कणांवर या प्रश्नाचा थेट तपास आला होता. कणावर एनबीडी हा चमकणारा रंग लावायचा आणि तो विझवणारं डायथायोनाइट टाकायचं. ते अखंड मेम्ब्रेन ओलांडत नाही, म्हणून जो रंग विझतो तो उघड्या भागातला. बहुसंख्य कण अर्धवटच झाकलेले निघाले. तुमच्याकडे हीच चाचणी करताना डायथायोनाइट ताजं, पीएच ८ च्या हेपेसमध्ये बनवा. ते मोडताना आम्ल होतं आणि झिफ-८ ला तेच नको आहे.

जस्तकण

क्रम तसाच होता, कणांत मेम्ब्रेन. प्रमाण बीसीएने मोजलेल्या प्रथिनाचं आहे.

एक शंका. कोटिंग पूर्ण असेल तर फॉस्फेट आत जाणारच नाही, मग रक्तातल्या फॉस्फेटची काळजी कशाला? रक्तात ते १ मिलिमोलरच्या आसपासच असतं.

बफरबाबा

इथे तांबड्या पेशीचं मेम्ब्रेन निवडल्याची किंमत मोजावी लागते. त्यातलं सर्वांत मुबलक प्रथिन बँड ३, आणि त्याचं कामच ऋण आयनांची अदलाबदल. एका पेशीत त्याच्या सुमारे १२ लाख प्रती असतात. वरचा ५३०० चा भागाकार लावला तर प्रत्येक कणावर दोनशेहून जास्त. बँड ३ क्लोराइड आणि बायकार्बोनेट झपाट्याने नेतो, फॉस्फेट फार हळू, पण नेतो. ३७ अंशाला वेग ४ अंशापेक्षा कितीतरी जास्त. फ्रिजमध्ये टिकलेला नमुना इन्क्यूबेटरमध्ये का मोडतो, त्याचं एक उत्तर इथे आहे.

तपासणं सोपं आहे. १ मिलिमोलर फॉस्फेटमध्ये ३७ अंशाला एक नळी तशीच, दुसरी डीआयडीएस लावून. डीआयडीएस बँड ३ अडवतो. दुसऱ्या नळीत मोडण्याचा वेग घटला तर वाट बँड ३ ची आहे. घटला नाही तर आवरणाला भोकं आहेत, मग थरावरथर यांच्या पोस्टकडे परत जा.

आयसीपीकर

पेशींवर फरक का नाही, याचं उत्तर कोणीच दिलं नाही. तुम्ही ४टी१ कशात वाढवता? आरपीएमआय १६४० हे माध्यम असेल तर त्यात फॉस्फेट ५.६ मिलिमोलर. डीएमईएम या दुसऱ्या माध्यमात ०.९. आरपीएमआयमध्ये अर्धवट झाकलेले आणि उघडे दोन्ही कण पेशीपर्यंत पोचायच्या आधी झिंक फॉस्फेट होणार, मग फरक दिसणार कुठून? कण टाकण्याचे ४ ते ६ तास डीएमईएममध्ये करा, मग हवं तर परत आरपीएमआय. सीरमही बघा. अल्ब्युमिन झिंकला धरतं, त्यामुळे १० टक्के सीरममध्ये झिंक क्लोराइडचा विषारी डोस सीरमविना असलेल्या डोसपेक्षा खूप वर जातो. आकडा लिहिताना सीरम किती होतं ते लिहिलं नाही तर तो आकडा कोणाच्याच कामाचा नाही.

आणि एका डिशमध्ये फक्त तांबड्या पेशीचं मेम्ब्रेन ठेवून 'लक्ष्यवेध' दिसावा ही अपेक्षाच चुकीची. हे आवरण कणाला कर्कपेशीकडे नेत नाही. ते सीडी४७ या 'खाऊ नका' सांगणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर मॅक्रोफेजला (बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशीला) थोपवतं, म्हणजे कण रक्तात जास्त वेळ फिरतो. २०११ च्या त्या कामात उंदरांमध्ये अर्धायुष्य ३९.६ तास आलं, पीईजी हे पॉलिमर लावलेल्या कणांचं १५.८. डिशमध्ये रक्ताभिसरण नसतं, त्यामुळे तिथे हे मेम्ब्रेन कणाला पेशीत शिरायला उलट थोडं अडवेल. ४टी१ च्या शेजारी रॉ २६४.७ मॅक्रोफेज लावा, फरक तिथे दिसेल. नेमकी पेशी गाठायची असेल तर डीएसपीई-पीईजी-फोलेटसारखा लिगँड (ठरावीक पेशीला चिकटणारा रेणू) मेम्ब्रेनमध्ये खोवा, किंवा ४टी१ चंच मेम्ब्रेन घ्या.

रक्त कोणाचं, हेही महत्त्वाचं. ४टी१ बाल्ब/सी उंदराचा ट्यूमर, तर रक्तही बाल्ब/सी चंच. माणसाचं सीडी४७ बहुतेक उंदरांच्या सर्पअल्फाशी (मॅक्रोफेजवरचं त्याचं जोडीदार प्रथिन) नीट जुळत नाही, एनओडी उंदीर हा अपवाद. रक्तपेढीतली मुदत संपलेली पिशवी सरावाला ठीक (एथिक्स कमिटीची परवानगी तरीही लागतेच), पण साठवणीत पेशी काटेरी होतात, स्वतःच व्हेसिकलं सोडतात, फॉस्फॅटिडिलसेरिन हे आतल्या बाजूचं लिपिड बाहेर येतं, आणि तेच मॅक्रोफेजला 'खा' म्हणून सांगतं. खाटकाकडचं बकरीचं रक्त एक्स्ट्रूडरवर हात बसवण्यापुरतं.

कंट्रोल कमी पडतायत असं वाटतं. किमान एवढे लावा: तेवढंच झिंक असलेलं झिंक क्लोराइड, झिंकच्या दुप्पट मोल २-मिथाइलइमिडाझोल, रिकामी मेम्ब्रेन व्हेसिकलं, उघडे कण. इमिडाझोलचा कंट्रोल लोक हमखास गाळतात. कण मोडला की एका झिंकमागे दोन रेणू त्याचे सुटतात, ते लायसोसोममध्ये प्रोटॉन शोषतात, आणि पदार्थ म्हणूनही तो निरुपद्रवी नाही, आयएआरसीने (कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था) त्याला २बी गटात, म्हणजे कर्करोगकारक असू शकणाऱ्यांत ठेवलंय. पेशी झिंकने मेली की याने, हे कंट्रोलशिवाय सांगता येत नाही. झिंकचं सिद्ध करायचं तर टीपीईएन (झिंक धरून ठेवणारं रसायन) लावून परिणाम मागे फिरतो का ते बघा. पण टीपीईएन स्वतःच काही मायक्रोमोलरला पेशी मारतो, त्याचा डोस आधी वेगळा ठरवा.

एकट्या एमटीटीवर (जिवंत पेशींची रंगचाचणी) थांबू नका. झिंक मायटोकॉन्ड्रियाची एन्झाइमं दाबतं, त्यामुळे पेशी जिवंत असूनही रंग कमी येतो. सोबत एलडीएच किंवा प्रोपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या चाचण्या) हवंच.

रिलीजबद्दल: पीएच ५.५ साठी एमईएस किंवा अॅसिटेट, ७.४ साठी हेपेस-सलाईन. १० किलोडाल्टनच्या फिल्टरमधून गाळून मोजत असाल आणि द्रावणात अल्ब्युमिन असेल, तर त्याला चिकटलेलं झिंक वरच अडकतं आणि रिलीज कमी दिसतो. दोन्ही बाजू मोजा. झिंक सगळीकडे असतं हेही लक्षात ठेवा: पावडर लावलेले हातमोजे, रबरी बूच, काचेची जुनी भांडी. प्रत्येक फेरीत रिकामा ब्लँक घ्या आणि नळ्या १० टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून ठेवा.

जस्तकण

आरपीएमआयच आहे, १० टक्के सीरमसह. हेपेस-डेक्स्ट्रोज आणि डीएमईएम घेऊन नवी बॅच लावतो. मार्गदर्शक तांब्याचा आणि मँगनीजचा विचार करा म्हणतायत. मेम्ब्रेन तेच ठेवून गाभा बदलला तर हेच नियम लागू होतील का?

थरावरथर

फॉस्फेट आणि ईडीटीएचे होतील, बाकी प्रत्येक धातूचं दुखणं वेगळं.

तांब्याला उरलेलं हिमोग्लोबिन चालत नाही. तांबं त्याला मेटहिमोग्लोबिन करतं, त्यातून मेम्ब्रेनची लिपिडं सडतात. घोस्ट फिकट गुलाबी नाही, पांढरे हवेत. ४१५ नॅनोमीटरला शोषण मोजून खात्री करा. २०२२ मध्ये सायन्समध्ये आलेल्या कप्रोप्टोसिसच्या (तांब्यामुळे होणारा पेशीमृत्यू) कामापासून सगळ्यांना तांबं हवंय, पण तो मृत्यू एफडीएक्स१ आणि लिपोइल लागलेल्या प्रथिनांवर अवलंबून आहे. साखर आंबवून जगणाऱ्या, मायटोकॉन्ड्रियाचा श्वास मंद असलेल्या पेशी त्याला फारशा बधत नाहीत. भरपूर ग्लुकोजच्या माध्यमात वाढवलेल्या पेशींवर निकाल कमी आला तर कणाला दोष देऊ नका.

फेंटनसाठी (लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची अभिक्रिया) लोह घेणार असाल तर उरलेलं कॅटलेज आणि पेरॉक्सिरेडॉक्सिन-२ बघा. दुसरं तर बँड ३ ला चिकटूनच बसतं. ज्या हायड्रोजन पेरॉक्साइडवर तुमची भिस्त, तेच ही एन्झाइमं संपवतात.

मँगनीज सीगॅस-स्टिंग हा रोगप्रतिकाराचा मार्ग जागा करतं म्हणून आकर्षक आहे, आणि टी१ एमआरआयवर दिसतं हा बोनस. पण सुटं मँगनीज मेंदूच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये साठतं आणि शरीर ते मुख्यतः पित्तातून बाहेर टाकतं. प्राण्यांत यकृत आणि मेंदू दोन्हींचं आयसीपी करावंच लागेल.

आयसीपीकर

नव्या बॅचसाठी एक काम आधीच करून ठेवा. कोटिंगनंतर थोडा नमुना हेपेसने धुऊन खोलीच्या तापमानाला निर्वातात सुकवा आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहणं) घ्या. ७.३ अंशाजवळचं शिखर उभं असेल तर सांगाडा शाबूत. त्याच पावडरचा आयआर (अवरक्त वर्णपट) घेतलात तर ४२१ प्रति सेंटीमीटरवर झिंक-नायट्रोजनचा पट्टा दिसायला हवा, आणि १००० ते ११०० मध्ये रुंद पट्टा उगवला तर फॉस्फेट अजून कुठून तरी येतंय. मेम्ब्रेनच्या फॉस्फोलिपिडांचाही पट्टा तिथेच येतो, म्हणून रिकाम्या व्हेसिकलांचा आयआर शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.